नवशिक्या स्वाराचा पहिला घोडा : शांतपणाची पारख

घोडेस्वारी नव्याने शिकणाऱ्या माणसाने पहिला घोडा कसा निवडावा, असे विचारले असता 'शांत घोडा घ्यावा' एवढेच उत्तर बहुधा मिळते. ते चुकीचे नसले, तरी घोडा कशामुळे शांत आहे याचा शोध घेतल्याखेरीज त्याचा उपयोग होत नाही. वयाने आणि कामाने निवळलेला घोडा, पोटभर चारा न मिळाल्याने गळून गेलेला घोडा, पाय दुखत असल्यामुळे पाऊल जपून टाकणारा घोडा, वर्षानुवर्षे टाचा खाऊन इशाऱ्यांना बधिर झालेला घोडा आणि विक्रीपूर्वी गुंगीचे औषध टोचलेला घोडा हे पाचही जण दावणीला उभे असताना अननुभवी डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यांपैकी पहिलाच नवशिक्याच्या कामाचा असतो. उरलेल्या चौघांपैकी कोणाचा खुराक सुधारतो, कोणाचे दुखणे बळावते, कोणाच्या औषधाचा अंमल उतरतो, आणि मग घरी आणलेला घोडा बाजारात पाहिलेल्या घोड्यापेक्षा निराळाच निघतो. पहिल्या घोड्याची निवड म्हणजे मुख्यतः या शांतपणाच्या कारणांची पारख होय, आणि जात, रंग, उंची किंवा किंमत यांचा विचार त्यानंतर येतो.

घोडा हा मुळात हिंस्र पशूंचे भक्ष्य असलेला, कळपाने राहणारा आणि पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला सभोवतालचा जवळपास साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो, मात्र कपाळासमोरची अगदी जवळची जागा आणि शेपटीमागचा पट्टा त्याच्या दृष्टीबाहेर राहतो. धोक्याची शंका आली की तो आधी पळतो आणि मग वळून पाहतो. त्यामुळे कधीच न बुजणारा घोडा अस्तित्वात नसतो, आणि दोन घोड्यांतला खरा फरक दिसतो तो बुजल्यानंतरच्या दोन-तीन क्षणांत. अनुभवी घोडा दचकतो, एखादे पाऊल बाजूला टाकतो आणि थबकतो; कच्चा घोडा त्याच प्रसंगी चौखूर उधळतो. नवशिक्याच्या बाबतीत या क्षणांना फार मोठे महत्त्व येते, कारण त्याची मांड अजून पक्की झालेली नसते. तोल सुटू लागला की तो लगामाला लटकतो आणि टाचा घोड्याच्या पोटाशी घट्ट आवळतो, म्हणजेच 'थांब' आणि 'पळ' असे दोन्ही हुकूम एकाच वेळी देतो. घोड्याचे सारे शिक्षण दाब आणि त्या दाबाची सुटका यांवर उभे असते : टाचेचा दाब आला की पुढे जायचे, लगामाचा दाब आला की थांबायचे, आणि योग्य प्रतिसाद दिल्याबरोबर दाब सुटला की आपण बरोबर वागलो हे त्याला उमगते. असे परस्परविरोधी हुकूम आले असता गोंधळून पुढे झेपावण्याऐवजी जो घोडा मंदावतो, तोच नवशिक्यासाठी सुरक्षित होय. या विषयात याहून नेमकी व्याख्या करता येणे कठीण आहे.

घोड्याच्या पारखीचे शास्त्र भारतात जुने आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली परंपरा, नकुलाच्या नावावर असलेले अश्वचिकित्सेचे लेखन आणि जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' यांत घोड्याची लक्षणे, वय, चाली आणि रोग यांचा विस्ताराने विचार आढळतो, तर कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात अश्वक्रीडेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. याच परंपरेतून आलेला शुभाशुभ लक्षणांचा भाग, म्हणजे अंगावरील भोवऱ्यांच्या जागा, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा किंवा विशिष्ट रंगांना मिळणारा मान, आजही घोडेबाजारात भाव ठरवतो. कपाळावरील भोवरा आणि स्वभाव यांचा काही संबंध आहे का, याचा शोध अलीकडच्या काही संशोधकांनीही घेतला आहे. पण स्वाराचा जीव ज्यावर सोपवावा इतका भक्कम आधार त्यातून मिळालेला नाही. ग्रीक लेखक झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहिलेल्या छोट्या ग्रंथात खरेदीची तपासणी खुरांपासून सुरू केली आहे, आणि हा क्रम आजही तितकाच योग्य आहे. खूर तडकलेले, टाचा आखडलेल्या आणि नाल वेडीवाकडी झिजलेली असेल, तर पाठीवरचा सुंदर रंग पाहण्यात वेळ घालवण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्रातील बाजारांकडे पाहिले असता बाजारभाव आणि नवशिक्याची गरज यांतील विसंगतीचे स्वरूप स्पष्ट होते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा घोडेबाजार आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा या दोन्ही ठिकाणी मोठी उलाढाल होते, आणि पहिल्या ठिकाणी राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश येथूनही घोडे येतात. तेथे अधिक किंमत मिळते ती उंचीला, तजेल्याला, टोकांनी एकमेकांना भिडणाऱ्या मारवाडी कानांना, रहवाल चालीला (म्हणजे स्वाराला धक्का न बसू देणाऱ्या जलद, सपाट चालीला) आणि नाचाला. नाचाचे शिक्षण घेतलेला घोडा ढोलाच्या ठेक्यावर जागच्या जागी पाय उचलतो, मान कमानीसारखी वळवतो आणि सारे अंग ताणून धरतो. ही कला पाहण्यासारखी असली, तरी तिच्यासाठी वापरले जाणारे कडियाळे (घोड्याच्या तोंडातील लगामाची लोखंडी दांडी) पुष्कळदा कठोर असते, आणि लगाम जरा ताणला गेला की उसळायचे हीच त्या घोड्याची सवय बनलेली असते. लगामाला लटकणाऱ्या नवशिक्याखाली तो दिला, तर दोष घोड्याचा म्हणता येणार नाही. वरातीच्या घोडीचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. बँड, फटाके, दिव्यांची रोषणाई आणि गर्दी यांना ती सरावलेली असते, आणि हा गुण मोलाचाच आहे; परंतु तिला चालवतो तो मोहरकी (घोड्याच्या तोंडावर बांधलेली दोरी) धरलेला सईस, पाठीवरचा नवरदेव नव्हे, त्यामुळे स्वाराचे इशारे तिला अनेकदा कधी शिकवलेलेच नसतात.

माथेरान, महाबळेश्वर किंवा पाचगणी येथे अनेक मराठी कुटुंबांचा घोड्याशी पहिला संबंध येतो आणि त्यातूनही असाच गैरसमज उत्पन्न होतो. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवरून घोडा मुकाट चालतो, कारण ती वाट त्याला पाठ असते, पुढे दुसरा घोडा असतो आणि शेजारी घोडेवाला असतो. त्या अर्ध्या तासात पाहुण्याने त्याला फारसे काही सांगितलेले नसते. हाच घोडा एकट्याने मोकळ्या माळावर नेला असता तो कळपाकडे परतण्याचा हट्ट धरील की नाही, हे त्या फेरीवरून कळत नाही. पहिल्या घोड्याच्या कसोट्यांत सोबत्यांपासून दूर जाण्याची तयारी ही महत्त्वाची कसोटी मानली जाते ती याच कारणाने.

वयाच्या प्रश्नावर जाणकारांत फारसा मतभेद नाही. घोडा साधारणपणे पंचवीस ते तीस वर्षे जगतो, आणि नवशिक्यासाठी दहा ते अठरा वर्षांच्या दरम्यानचा, नियमित कामात असलेला घोडा सर्वांत योग्य ठरतो. चार वर्षांचे देखणे जनावर घेऊन मुलाने आणि घोड्याने बरोबरीने शिकावे, ही कल्पना ऐकायला गोड असली तरी धोकादायक आहे, कारण दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची चूक सावरता येत नाही. वय विक्रेत्याच्या सांगण्यावर न सोडता दातांवरून पडताळावे. खालच्या-वरच्या समोरच्या दातांपैकी मधली जोडी सुमारे अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी बदलते, म्हणजे पाचव्या वर्षी घोड्याचे तोंड 'पुरे' होते. त्यानंतर खालच्या दातांच्या चावण्याच्या पृष्ठभागावरील खळगे क्रमाने झिजत जातात, आणि वरच्या जबड्यातील कडेच्या दातावर हिरडीलगत एक उभी गडद खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते, पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. चाऱ्यातील रेती किंवा लाकूड चावण्याची खोड यांमुळे झीज कमीजास्त होते, त्यामुळे हा अंदाजच असतो. तरीही 'सात वर्षांचा' म्हणून दाखवलेला घोडा पाच वर्षांचा की पंधरा वर्षांचा, एवढे त्यातून निश्चित कळते.

लिंगाच्या बाबतीत खच्ची केलेला घोडा सर्वांत भरवशाचा समजला जातो, कारण घोडीचा वास आला तरी त्याचे चित्त कामावरून फारसे उडत नाही. पश्चिम आणि उत्तर भारतातील पारंपरिक पैदासदारांत खच्चीकरणाची चाल कमी असल्याने बाजारात अंडील (खच्ची न केलेले) घोडे मोठ्या संख्येने दिसतात. त्यांपैकी काही अत्यंत सभ्यही असतात. पण तो सभ्यपणा त्यांना रोज हाताळणाऱ्या माणसाच्या कसबावर अवलंबून असतो, आणि नवशिक्याजवळ नेमके तेच कसब नसते. घोडी चालते. ऋतुकाळात दर तीन आठवड्यांनी ती काही दिवस माजावर येते आणि त्या दिवसांत काही घोड्या पोटाला हात लागला तरी चिडतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

जातींच्या चर्चेत सर्वाधिक काळजीने पाहण्यासारखा प्रकार म्हणजे शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शर्यतींची केंद्रे असल्यामुळे महाराष्ट्रात असे घोडे तुलनेने सहज मिळतात, त्यांची किंमत पुष्कळदा मारवाडी घोड्यापेक्षा कमी असते, आणि भारतातील अनेक रायडिंग क्लबांच्या पागांत ते वर्षानुवर्षे उत्तम काम करताना दिसतात. यावरून थरोब्रेड नवशिक्याला चालतो असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. शर्यतीच्या तबेल्यात घोड्याचे शिक्षण दोन वर्षांच्या आगेमागे सुरू होते आणि ते एकाच उद्देशाने होते. तेथे जॉकीला खालून पायाला आधार देऊन वर चढवतात आणि त्या वेळी घोडा बहुधा चालतच असतो, त्यामुळे रिकिबीत पाय घालून माणूस चढेपर्यंत स्थिर उभे राहणे त्याला कधी शिकवलेलेच नसते. जॉकी आखूड रिकिबींवर उंच बसतो, म्हणून पोटाशी लोंबणाऱ्या लांब पायांचा स्पर्श त्याला नवा असतो. सर्वांत गंभीर बाब लगामाची आहे : धावताना लगामावर भार देऊन पळण्याची त्याला सवय असते, आणि घाबरलेल्या नवशिक्याने लगाम जितका घट्ट धरावा तितका तो अधिक जोराने पुढे जातो. याखेरीज दाण्यावर भर देणारा आहार आणि दिवसाचा बहुतेक वेळ बंद ठाणात काढणे यांमुळे शर्यतीच्या घोड्यांत जठरातील व्रण मोठ्या प्रमाणात आढळतात, आणि पोट दुखणारा घोडा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना चावायला धावतो. म्हणून ट्रॅकवरून थेट घरी आणलेला थरोब्रेड पहिला घोडा म्हणून टाळावा. ज्याने किमान दोन-तीन वर्षे अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली नवे शिक्षण घेऊन शिकाऊ मुलांना पाठीवर वागवले आहे, त्याचा विचार अवश्य करावा.

मारवाडी आणि काठियावाडी घोडे काटक, तल्लख आणि उष्ण हवेला सोसणारे असतात. त्यांची तल्लखता हीच नवशिक्याला जड जाते, तरी शेतावर आणि रस्त्यावर नित्य राबलेला मध्यमवयीन मारवाडी हा उत्कृष्ट सोबती होऊ शकतो. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी घोडा मराठ्यांच्या फौजांमुळे इतिहासात गाजला, आज तो मुख्यतः धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहतो, आणि स्वतंत्र जात म्हणून त्याची सरकारी नोंदही झाली आहे. ठेंगणा बांधा, कठीण खूर आणि खडतर वाटचालीची सवय हे त्याचे गुण लहान चणीच्या स्वाराला अनुकूल आहेत. उणीव आहे ती खोगिराखालच्या पद्धतशीर शिक्षणाची. लहान मुलांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या अगदी छोट्या तट्टांच्या बाबतीतही हीच अडचण येते, कारण ज्याच्यावर मोठा माणूस बसू शकत नाही त्याला शिकवणार कोण, हा प्रश्न सुटलेला नसतो, आणि बिनशिकलेले तट्टू उंचीने कमी असले तरी अडेलपणात कमी नसते.

उंचीपेक्षा वजनाचा हिशेब अधिक उपयोगी पडतो. खोगीर व इतर साज धरून एकूण भार घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत ठेवावा असा प्रचलित संकेत आहे, आणि मांड पक्की नसलेला स्वार पाठीवर आपटत असल्याने त्याच्यासाठी 15 टक्क्यांच्या जवळपास राहणे अधिक न्याय्य होय. वजनकाटा नसल्यास छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून, घेराच्या वर्गाला लांबीने गुणून 11,880 ने भागले असता किलोग्रॅममध्ये अंदाजे वजन मिळते. 165 सेंटिमीटर घेर आणि 155 सेंटिमीटर लांबी असलेला घोडा या रीतीने सुमारे 355 किलोचा ठरतो, म्हणजे त्याच्यावर जास्तीत जास्त 71 किलो भार टाकता येतो. आठ-दहा किलोंचे खोगीर वजा केले की साठीच्या पुढे वजन असलेल्या माणसाने त्याच्यावर शिकू नये हे उघड होते. भाराने पाठ दुखू लागलेला घोडा आरंभी निमूट सोसतो आणि मग एके दिवशी दुगाण्या झाडू लागतो, तेव्हा 'घोडा बिघडला' असे म्हटले जाते.

दुखणे आणि वर्तन यांचा हा संबंध गेल्या काही वर्षांत शास्त्रीय पद्धतीने तपासला गेला आहे. 2014 मध्ये इटलीतील एमानुएला दाल्ला कोस्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत मांडली, जिच्यात ताठ मागे वळलेले कान, आक्रसलेल्या पापण्या, डोळ्यावरील ताण, आवळलेले जबड्याचे स्नायू, घट्ट मिटलेले तोंड आणि ताणलेल्या नाकपुड्या या सहा खुणा पाहिल्या जातात. इंग्लंडमधील पशुवैद्य स्यू डायसन यांनी 2018 मध्ये स्वार पाठीवर असतानाच्या 24 वर्तनांची यादी प्रसिद्ध केली असून त्यांपैकी आठ किंवा अधिक वर्तने दिसल्यास हाडा-स्नायूंचे दुखणे असण्याचा दाट संशय घ्यावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या कामाने 'खोडसाळ' आणि 'आळशी' ही जुनी लेबले पुन्हा तपासायला भाग पाडले, हे त्याचे मोठे श्रेय. खरेदीदारालाही लंगडण्याची एक साधी परीक्षा करता येते : घोडा कठीण जमिनीवर सैल दोरीने दुडकी चालवावा आणि त्याच्या डोक्याकडे पाहावे, पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकताना तो डोके वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना खाली झुकवतो. वेदनाशामक औषध दिलेले असल्यास मात्र ही खूण झाकली जाते. खालचा ओठ लोंबलेला, मान वाजवीपेक्षा खाली, पाऊल अडखळते आणि नराचे इंद्रिय शिथिल होऊन बाहेर आलेले असेल, तर गुंगीच्या औषधाचा संशय घ्यावा. खरेदीच्या दिवशी पशुवैद्याकडून रक्ताचा नमुना घेऊन ठेवणे हा यावरचा रास्त उपाय आहे, आणि त्यास नकार देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलणी करू नयेत.

प्रत्यक्ष परीक्षा खोगीर चढवण्यापूर्वीच सुरू होते. खरेदीदार पोहोचण्याआधीच घोडा तयार करून उभा असेल आणि खोगिराखाली घाम वाळलेला दिसला, तर त्याला आधी दमवले आहे असे समजावे. घोडा ठाणात मोकळा असताना पाहावा, त्याला मोहरकी घालताना तो तोंड फिरवतो का, खरारा करताना पोटाशी आणि मागच्या पायांशी कसा वागतो, चारही खूर उचलू देतो का, तंग आवळताना कान मागे टाकतो का, हे सारे पाहावे. त्यानंतर प्रथम विक्रेत्याच्या माणसाने, मग खरेदीदाराच्या प्रशिक्षकाने आणि शेवटी नवशिक्याने बसावे. विक्रेत्याचा माणूसच बसायला कचरत असेल, तर परीक्षा तेथेच संपते. चढण्याचा क्षण सर्वांत बोलका असतो. प्रशिक्षकाने डावा पाय रिकिबीत घालून पूर्ण वजन टाकावे आणि तसेच अर्धवट थांबावे. चांगला घोडा या वेळी पाय थोडे रुंदावून भार तोलतो, एक कान मागे वळवून चाहूल घेतो आणि स्वार बसून लगाम गोळा करेपर्यंत जागचा हलत नाही. मग सैल लगामावर साधी चाल, दुडकी, कँटर म्हणजे मंद दौड आणि प्रत्येक चालीवरून थांबणे, फाटकापासून दूर जाणे, मोटारसायकल, कुत्रे आणि फडफडणारी ताडपत्री यांच्याजवळून जाणे, असा क्रम ठेवावा. ही परीक्षा निदान दोन वेगळ्या दिवशी आणि शक्यतो दुसऱ्यांदा न कळवता व्हावी.

कागदपत्रांच्या बाबतीत एक गोष्ट सोडता येत नाही, ती म्हणजे ग्लँडर्सची तपासणी. हा जिवाणूजन्य रोग घोड्याकडून माणसालाही होतो, 2009 च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्यानुसार त्याची सूचना देणे बंधनकारक आहे, आणि बाधित जनावर नष्ट करावे लागते. धनुर्वाताची लस, जंताचे औषध आणि अलीकडील नालबंदी यांच्या नोंदीही मागून घ्याव्यात.

सुरक्षितपणा हा घोड्याबरोबर विकत मिळणारा कायमचा गुण नाही, आणि या विषयावरील सल्ल्यात सर्वांत उपेक्षित राहते ती हीच बाजू. क्लबमध्ये रोज दोन तास काम आणि मोजका दाणा घेणारा घोडा नव्या मालकाकडे आठवड्यातून दोनदा चालवला जाऊ लागतो, हौसेने त्याला हरभरा, गूळ आणि ओट भरपूर मिळू लागतात, बाकीचा वेळ तो एकटाच ठाणात उभा राहतो, आणि महिन्याभरात तो उसळू लागतो. शिवाय नवशिक्याच्या चुकीच्या वेळी सुटणाऱ्या दाबांतूनही घोडा शिकतच असतो : थांबला की काम संपते, मान खाली ओढली की लगाम सुटतो, असे धडे तो लवकर घेतो. म्हणून आठवड्यातून निदान एकदा जाणत्या स्वाराने त्याच्यावर बसणे, दाणा कामाच्या प्रमाणात ठेवून कडबा आणि गवत मुबलक देणे, आणि त्याला दुसऱ्या घोड्याची सोबत मिळवून देणे हा खर्च खरेदीच्या किमतीतच धरला पाहिजे. तो झेपणारा नसेल, तर क्लबमधील घोड्यावर वर्ष-दोन वर्षे शिकणे किंवा एखादा घोडा मालकाकडून ठरावीक दिवसांसाठी भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे. ज्यांना खरेदीच करायची आहे, त्यांनी महिनाभर घोडा वापरून परत करण्याची मुभा लेखी करारात घालून घ्यावी, आणि पंधरा वर्षांचा शहाणा घोडा घेताना पुढील दहा वर्षांचाही विचार त्याच वेळी करावा, कारण त्याचा स्वार तीन-चार वर्षांत त्याच्या पुढे जातो आणि दातांची झीज झालेल्या, भिजवलेल्या खुराकावर जगणाऱ्या त्या जनावराला सांभाळण्याची जबाबदारी मात्र ज्या माणसाने त्याच्या पाठीवर बसून मांड पक्की केली त्याच्यावरच येते.